विद्यार्थ्याला कसला आलाय टॅक्स?

मंडळी, आजची पोस्ट जरा भांडकुदळ आहे. नातेवाइकांपैकी काही जणांना ती आपल्यावरच लिहिली आहे असं वाटेल. वाटू दे. बऱ्याच अंशी ते खरंच आहे.

गेली दहाबारा वर्षं मी एक वाक्य लग्नाच्या पंगतीत, बारशाला, मंगळागौरीला आणि आता व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर सारखं ऐकते आहे. "शिकायला गेलाय हो तो, विद्यार्थ्याला कसला आलाय टॅक्स?" म्हणणारे कुणी अडाणी नसतात. एक बँकेतून निवृत्त झालेले, एक एलआयसीतले, आणि एक गृहस्थ तर आयुष्यभर विक्रीकर खात्यात होते! मुलाला परदेशी पाठवताना यांनी जीआरईच्या क्लासपासून मेतकुटाच्या डब्यापर्यंत सगळं पाहिलेलं असतं. थंडीचे कोट, प्रेशर कुकरच्या जादा रिंगा, दाताच्या डॉक्टरची फेरी... सगळं. करासंबंधी मात्र पोराला घरातून मिळतं ते हे एकच वाक्य. आणि ते चुकीचं आहे.

मी चौतीस वर्षं इतिहास आणि मराठी शिकवलं. माझं बीए मराठी माध्यमातलं. इंग्रजी कायदे वाचणं हे काही माझं काम नव्हे. पण आमच्या गोतावळ्यातली सात मुलं शिकायला बाहेर गेली, त्यातली पाच अमेरिकेत, आणि "आत्याआजी रागवत नाही" एवढ्या एका गुणावर त्यांचे फोन मला येतात. म्हणून शब्दकोश शेजारी घेऊन अमेरिकन आयकर खात्याची ती ५१९ क्रमांकाची पुस्तिका वाचायला बसले. परक्या नागरिकाला त्यात 'एलियन' म्हटलंय. म्हणजे आपलं पोर झालं 'नॉनरेसिडेंट एलियन'. परग्रहावरून उतरल्यासारखं! असो. एकदा त्या शब्दाचं हसू ओसरलं की बाकीचं कळायला तेवढं कठीण नाही. निदान व्याकरणापेक्षा सोपं आहे.

तर पहिली गोष्ट. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला तिथल्या कायद्यात 'एक्झेम्ट इंडिव्हिज्युअल' म्हणतात. आमच्या शहाण्यांनी त्याचं सरळ भाषांतर केलं, करमुक्त माणूस. मूळ अर्थ निराळा आहे. एखादा परदेशी माणूस कराच्या दृष्टीनं निवासी की अनिवासी हे ठरवायला तिथे त्याचे दिवस मोजतात. विद्यार्थ्याचे दिवस पहिली पाच कॅलेंडर वर्षं मोजायचे नाहीत, एवढीच ती सूट. माफी दिवसांच्या मोजणीला आहे, कराला नाही. आणि वर्ष म्हणजे जानेवारी ते डिसेंबर. पोर ऑगस्टच्या अखेरीस उतरलं तरी ते अख्खं वर्ष पाचातलं एक म्हणून धरलं जातं. हे नीट लक्षात ठेवा, पुढे याचीच गंमत होणार आहे.

शिवाय एक डॉलरही मिळवला नसला तरी ८८४३ क्रमांकाचा एक फॉर्म दरवर्षी भरायचा असतो. आपले दिवस का मोजू नयेत, हे सांगणारा. उत्पन्नच नसेल तर तो १५ जूनपर्यंत आणि पगार असेल तर विवरणपत्राबरोबर १५ एप्रिलपर्यंत पाठवायचा. दंड नाही म्हणून पोरं तो भरत नाहीत, आणि घरून "काही मिळवलंच नाहीस तर फॉर्म कसला?" असा पाठिंबा असतो. पण भरायचा तो भरायचाच असतो, हे कुणी सांगत नाही.

आता पैसे मिळवले तर? कॅम्पसवर आठवड्याला वीस तास काम, लायब्ररीत किंवा खानावळीत. भारत आणि अमेरिका यांच्यात १९८९ साली दुहेरी कर टाळण्याचा करार झाला, तो १९९० च्या डिसेंबरात लागू झाला. त्याच्या एकविसाव्या कलमात आपल्या विद्यार्थ्यांसाठी एक फार मोठी सोय आहे. अनिवासी माणसाला एरवी तिथली ठोक वजावट मिळत नाही. भारतीय विद्यार्थ्याला मात्र या कलमामुळे मिळते, तिथल्या रहिवाशाला मिळते तेवढीच. २०२५ सालासाठी ती एकट्या माणसाला १५,७५० डॉलर होती. कॅम्पसवरच्या कामात वर्षाला तेवढे पैसे बहुतेकांना मिळतही नाहीत. म्हणजे नियमाप्रमाणे फॉर्म भरला तर केंद्राचा कर बहुतेकदा शून्य, आणि पगारातून आधी काही कापलं असेल तर ते परत.

शिष्यवृत्तीचंही असंच. फी आणि पुस्तकांपुरती शिष्यवृत्ती करमुक्त, राहण्याजेवणासाठी मिळते ती करपात्र. शिवाय पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे मिळून ७.६५ टक्के कापतात, ते अनिवासी विद्यार्थ्याचे कापायचे नसतात. पुष्कळ मालकांना हे ठाऊकच नसतं आणि ते कापतात. मुलानं आधी मालकाकडे मागायचे, त्यानं नाही दिले तर आयकर खात्याकडे अर्ज करायचा. म्हणजे पाहा, जो कायदा वाचतो त्याला पैसे मिळतात! 'कसला आलाय टॅक्स' म्हणणाऱ्याच्या पोराचे ते तिकडेच राहतात.

मग चुकतं कुठे? रूममेटच्या खोलीत.

तिथे चार पोरं राहतात. त्यातला एखादा 'सीनियर' असतो, त्याला सगळं येतं. तो सांगतो की अमुक सॉफ्टवेअरवर बस, अर्ध्या तासात होतं, मला हजार डॉलर परत आले. ते सॉफ्टवेअर तिथल्या रहिवाशांसाठी केलेलं असतं. रहिवाशांचा फॉर्म १०४०, अनिवासींचा १०४०-एनआर. दोन अक्षरांचा फरक. रहिवाशांच्या फॉर्मवर शिक्षणाची एक सवलत मिळते, वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत, आणि त्यातले हजार तर कर शून्य असला तरी हातात मिळतात. अनिवासी विद्यार्थ्याला ती नाही. पण विद्यापीठ फीचा जो कागद पाठवतं (१०९८-टी) तो पाहून सॉफ्टवेअर विचारतं, पोरगं 'हो' म्हणतं, हजार डॉलर खात्यात येतात आणि घरी फोन जातो. इकडे आजोबा खूष. "हुशार आहे हो, अमेरिकेकडूनच पैसे काढले!"

ही हुशारी नव्हे. आपण रहिवासी आहोत असं सरकारी कागदावर खोटं लिहून घेतलेले ते पैसे आहेत. पुढे ते व्याजासकट परत करावे लागतात. बेपर्वाईनं घेतली असं ठरलं तर ती सवलत दोन वर्षं बंद, फसवून घेतली असं ठरलं तर दहा वर्षं. २०२० साली करोनाच्या काळात तिथल्या सरकारनं माणशी १,२०० डॉलर वाटले, तेव्हा हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर दिसला. अनिवासींना ते पैसे नव्हते, पण चुकीचा फॉर्म भरलेल्या कितीतरी परदेशी विद्यार्थ्यांच्या खात्यात आपोआप जमा झाले. मग परत कसे करायचे याची धावपळ. पोरं घाबरली ती आजाराला कमी आणि त्या चेकला जास्त.

इथे माझ्यातली इतिहासाची बाई थोडा वेळ मागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला पोचले ते १९१३ च्या जुलैत. बडोदा संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती होती. अमेरिकेच्या आजच्या आयकराचा पायाही नेमका १९१३ सालचाच. फेब्रुवारीत राज्यघटनेची दुरुस्ती मंजूर झाली आणि ऑक्टोबरात कायदा आला. एकट्या माणसाला ३ हजार डॉलरपर्यंत कर नव्हता, पुढे एक टक्का. कोलंबियात बाबासाहेबांना गुरू मिळाले ते प्रा. सेलिग्मन, आयकर या विषयातले त्या काळचे मोठे नाव. आणि आपल्या या विद्यार्थ्यानं प्रबंधाला विषय घेतला तो ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांच्या वित्तव्यवस्थेचा. कर कोण गोळा करतो, कुठे खर्च करतो, हे अभ्यासायला एक मराठी मुलगा समुद्र ओलांडून गेला. शंभर वर्षांनी आमची मुलं त्याच देशात जातात आणि आम्ही त्यांना सांगतो, की या भानगडीत पडू नकोस. वर्गात हे शिकवलेल्या बाईला राग येणार की नाही?

पण रूममेटवर मी फार चिडत नाही. तो बावीस वर्षांचा आहे. माझं खरं भांडण आहे ते इथल्या साठीच्या मंडळींशी. आता ती गोष्ट सांगते.

माझ्या भाच्याचा मुलगा २०१९ च्या ऑगस्टमध्ये टेक्सासला एमएसला गेला. २०२१ मध्ये पदवी, मग नोकरी, पण व्हिसा विद्यार्थ्याचाच, त्यावर तीन वर्षं काम करता येतं. २०२४ च्या जानेवारीत त्याचा फोन आला. "आत्याआजी, पगार कमी झालाय. कंपनी म्हणते आता सोशल सिक्युरिटी कापणार." मी बोटं मोजली. २०१९, २०, २१, २२, २३. पाच संपली. व्हिसा तोच, नोकरी तीच, घर तेच, पण आता त्याचे दिवस मोजले जाणार आणि कराच्या हिशोबानं तो अमेरिकेचा रहिवासी होणार. पगारातले साडेसात टक्के हा त्यातला छोटा भाग. मोठा भाग असा, की रहिवाशाला जगभरातलं उत्पन्न तिथे दाखवावं लागतं. आणि अमेरिकेबाहेरच्या त्याच्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात एक दिवस जरी १० हजार डॉलरच्या वर गेली, तरी त्या खात्यांची यादी वेगळी कळवावी लागते. तिला 'एफबार' म्हणतात. कर लागो न लागो, यादी द्यायचीच.

"तुझी इकडे खाती आहेत का रे?"

"एक सेव्हिंग आहे. आठ-दहा हजार असतील."

नव्हते. म्हणजे तेवढेच नव्हते. गावाकडची जमीन विकल्यावर त्याच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या भाच्यानं, अठरा लाखांच्या मुदत ठेवी मुलाच्या नावावर केल्या होत्या. मुलगा निघायच्या आठवड्यात कागदांचा गठ्ठा समोर ठेवला, "इथे, इथे आणि इथे सही कर." पोरानं केल्या. त्याचं भारतातलं सिमकार्ड बापाच्या फोनमध्ये, त्यामुळे ओटीपी बापाकडे. ठेवी पिकत होत्या, पुन्हा ठेवल्या जात होत्या. व्याजावर कर कापू नये म्हणून दरवर्षी १५-जीचा फॉर्म मुलाच्या नावानं जात होता. मुलाला यातलं काही माहीत नव्हतं.

आता यातले गुंते पाहा. शिकायला बाहेर गेलेला मुलगा परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे अनिवासी भारतीय धरला जातो, रिझर्व्ह बँकेनं २००३ सालीच हे स्पष्ट केलंय. म्हणजे त्याचं साधं बचत खातं एनआरओ करून घ्यायला हवं होतं. केलं नाही. १५-जी फक्त निवासी माणसाला भरता येतो. अनिवासीच्या एनआरओ ठेवीवर बँक ३० टक्के कर कापते. म्हणजे मुलाच्या नावानं दरवर्षी खोटं प्रतिज्ञापत्र गेलं. भारत आणि अमेरिकेत २०१५ साली खात्यांची माहिती एकमेकांना देण्याचा करार झाला. बँकेच्या फॉर्मवर 'दुसऱ्या देशाचे कर-रहिवासी आहात का' असा प्रश्न असतो तो त्यामुळे. तिथेही 'नाही'ची खूण तशीच राहिली. आणि अमेरिकेत अठरा लाख म्हणजे एकवीस हजारांच्या वर डॉलर झाले, एफबारच्या मर्यादेच्या दुप्पट.

एफबार चुकला तर काय होतं? अजाणता चुकला तरी कायद्यात मूळ दंड १० हजार डॉलरपर्यंत, महागाईप्रमाणे वाढत तो आता १६ हजारांच्या वर गेला आहे. वाजवी कारण दाखवलं तर माफही होतो, हे सांगायला हवं. बिटनर नावाच्या गृहस्थांचा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता. पाच वर्षांत मिळून २७२ खात्यांच्या नोंदी राहिल्या म्हणून सरकारनं २७ लाख २० हजार डॉलर मागितले. २०२३ च्या फेब्रुवारीत न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की दंड खात्यागणिक नाही, वर्षाच्या एका अहवालागणिक. मग ते ५० हजारांवर आलं. आमच्या पोराचं प्रकरण इतकं थोर नव्हतं. पण यानं जेव्हा हे निकाल इंटरनेटवर वाचले तेव्हा दोन रात्री तो झोपला नाही, हे मला त्याच्या बायकोकडून कळलं. त्यानं तिथला एक सीपीए गाठला, २०२४ च्या विवरणपत्रात व्याज दाखवलं, एफबार वेळेत दिला. इकडचं मागचं निस्तरायला अजून एका सीएची फी. सगळं निभावलं. पण बापाला त्यानं फोनवर जे विचारलं ते मी भाच्याच्या शेजारी बसून ऐकलं. "बाबा, माझ्या नावावर किती पैसे आहेत हे मला परक्या देशाचा फॉर्म भरताना कळावं का?"

भाचा म्हणाला, "अरे, तुझ्यासाठीच ठेवलेत ना!"

हे खोटं आहे. मी त्याला तोंडावर म्हटलं, इथेही लिहिते. मुलासाठी ठेवले असते तर मुलाला सांगितलं असतं. ते मुलाच्या नावावर ठेवले, कारण बापाच्या नावावर व्याजाला कर लागतो. हिशोब सोपा आहे. अज्ञान मुलाच्या नावे ठेव केली तर व्याज आईबापाच्या उत्पन्नात धरतात. पोर अठराचं झालं की धरत नाहीत. शिकत असल्यामुळे त्याला दुसरं उत्पन्न नाही, म्हणजे व्याज करपात्र मर्यादेच्या आत. मुलगा सज्ञान झाला याचा आनंद आमच्याकडे अशा रीतीनं साजरा होतो! सात टक्क्यांनी अठरा लाखांचं व्याज होतं वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास, त्यावर वीस टक्क्यांनी वाचले पंचवीस हजार. त्यासाठी पोराच्या सह्या, पोराचं नाव, पोराचा पॅन.

बायकोच्या नावावर, आईच्या नावावर, सुनेच्या नावावर. आमच्या पिढीत घरातल्या माणसांची नावं ही कर वाचवायची खुंटी झाली. ज्याला जमलं नाही तो बावळट. ज्यांनी जन्मभर सचोटीनं नोकरी केली, कुणाचा रुपया खाल्ला नाही, ती माणसंही यात काही वावगं आहे असं मानत नाहीत. देशात असेतो हे खपतही असेल. पण पोर दुसऱ्या देशाच्या कायद्याखाली राहायला गेलं की त्या खुंटीला टांगलेलं सगळं त्याच्या डोक्यावर येतं, आणि टांगणारा इथे झोपाळ्यावर बसलेला असतो. म्युच्युअल फंड असले तर आणखी कठीण. भारतातल्या फंडांसाठी तिथे प्रत्येक फंडाचा निराळा फॉर्म, आणि कराची आकारणी इतकी किचकट की फंडापेक्षा फी जड. "सहा हजारांची एसआयपी त्याच्या नावानं चालू ठेवलीय" असं कौतुकानं सांगणाऱ्या आज्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

दुसरी एक हुशारी, थोडक्यात. परदेशी पैसे पाठवताना बँक टीसीएस कापते. १ ऑक्टोबर २०२० पासून हे सुरू झालं, तेव्हा वर्षाला ७ लाखांच्या वरच्या रकमेवर शिक्षणासाठी ५ टक्के. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा १० लाख झाली आणि बँकेकडून शैक्षणिक कर्ज काढून पाठवलं तर काहीच नाही. २०२६ च्या अर्थसंकल्पात पाचाचे दोन टक्के करण्याची घोषणा झाली. हा काही जादा कर नव्हे. आपल्या विवरणपत्रात तो जमा दिसतो, वळता करता येतो, परत मिळतो. तरी तो चुकवायला लोक पैसे काका, मामा, आत्या यांच्या खात्यांत फिरवून तिथून पाठवतात. मलाही विचारणा झाली होती. "तुमचं पेन्शनचं खातं रिकामंच असतं ना, आत्या?" मी नाही म्हटलं. सहा महिने अबोला होता. मी तेवढ्यात दोन कादंबऱ्या वाचून काढल्या.

यावर जे उलट बोललं जातं तेही मांडते, नाहीतर म्हणाल बाई एकतर्फी आहेत. पहिलं, "सगळेच करतात." वर्गात कॉपी पकडली की हेच ऐकू यायचं, त्यामुळे उत्तर देत नाही. दुसरं, "एवढ्याशा पोरांना कोण पकडतंय?" बरोबर, लगेच कुणी पकडत नाही. पण नोंदी राहतात, आणि जो मुलगा पुढे तिथेच स्थायिक होतो त्याला नागरिकत्वाच्या अर्जात थकलेल्या कराबद्दल थेट प्रश्न असतो. तिसरं मात्र मला पटतं. नियम खरोखर विचित्र आहेत. त्या पोरांना ना मत, ना रहिवाशाच्या सवलती. शेअर विकून चार पैसे मिळाले तर १८३ दिवस राहिलेल्या अनिवासीला नफ्यावर सरसकट ३० टक्के, शेजारच्या अमेरिकन मुलाला त्याहून कितीतरी कमी. हे अन्यायाचं आहे, याबद्दल कुणी निवेदन काढलं तर सही मी करीन. पण नियम विचित्र असतील तर ते पोराला आधी समजावून सांगायला हवेत. त्याऐवजी आपण म्हणतो, कसला आलाय टॅक्स!

आणि एका देशाचं दुसऱ्याला लावू नका. ऑस्ट्रेलियात सहा महिन्यांहून मोठा अभ्यासक्रम असला की विद्यार्थी सहसा कराच्या दृष्टीनं रहिवासीच धरतात, आणि १८,२०० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत कर नाही. इंग्लंडात १२,५७० पौंडांपर्यंत नाही. अमेरिकेत पाच वर्षं राहून परका, ऑस्ट्रेलियात सहा महिन्यांत घरचा! तेव्हा मेलबर्नच्या मावसभावाचा सल्ला शिकागोत चालत नाही.

परत येणाऱ्यांचंही ऐका. दोन वर्षं शिकून मुलगी घरी आली, इथे नोकरी लागली, की ती सहसा लगेच पूर्ण निवासी होते. तिथल्या बँकेत तीनशे डॉलर पडून असले तरी इथल्या विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरायचं असतं. २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यात ते न भरल्याचा दंड १० लाख रुपये! लहान रकमांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून त्या दंडातून सूट दिली, स्थावर सोडून २० लाखांपर्यंत. पण माहिती द्यायची ती द्यायचीच. २०२६ च्या अर्थसंकल्पात विद्यार्थी आणि तरुण नोकरदार यांच्यासारख्यांसाठी राहून गेलेलं जाहीर करायची सहा महिन्यांची एकवेळची संधी अर्थमंत्र्यांनी जाहीर केली. सरकारला वेगळी योजना काढावी लागते, म्हणजे किती घरांतून ते वाक्य बोललं गेलं असेल याचा अंदाज करा.

भाच्याच्या त्या ठेवी शेवटी मोडल्या. खातं एनआरओ झालं, कर भरला, मुलानं बापाला पैसे रीतसर परत दिले. आता व्याज बापाच्या नावावर येतं आणि वर्षाला पंचवीस हजार जातात म्हणून तो दर दिवाळीला कुरकुरतो. मी त्याला करंज्या वाढते.

आमच्या चुलत नणंदेची नात येत्या ऑगस्टमध्ये निघते आहे, ओहायोला. तिला मी सांगून ठेवलंय. जायच्या आधी आपल्या नावावर या देशात काय काय आहे याची यादी बाबांकडून लिहून घे, त्यावर त्यांची सही घे. बँकेत जाऊन खातं बदलून घे. सिमकार्ड स्वतःकडे ठेव. तिथे गेल्यावर विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात फेब्रुवारीतच विचार, अनिवासींच्या फॉर्मचं सॉफ्टवेअर बरीच विद्यापीठं फुकट किंवा स्वस्तात देतात. एप्रिलच्या चौदा तारखेला रात्री रूममेटच्या खोलीत जाऊ नकोस. तिचे वडील ती यादी द्यायला अजून टाळाटाळ करताहेत. ते ही पोस्ट वाचतात हे मला माहीत आहे.

ज्यांना ८८४३ भरताना काही अडत असेल त्या मुलांनी मला फोन करायला हरकत नाही. फक्त दुपारी एक ते चार नको.